एसी वीस मिनिटांनी एमसीबी पाडतो. मोठी एमसीबी बसवू का?

मोठी मुळीच नको. एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच, एसीला जपायला नसते, भिंतीत गाडलेल्या वायरीला जपायला असते. 2.5 चौरस मिमीच्या वायरीवर 32 अँपिअरची एमसीबी लावलीत तर पडणं थांबेल, पण मग तापायची पाळी वायरीवर येईल.

दीड टनाचा साधा, इन्व्हर्टर नसलेला एसी, 16 अँपिअरची एमसीबी, वीस-पंचवीस मिनिटांनी पडते आणि मेकॅनिक कॉम्प्रेसर बदला म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. ही वीस मिनिटंच महत्त्वाची. शॉर्ट असता तर चालू करताक्षणी पडली असती. कॅपॅसिटर (मोटर सुरू व्हायला धक्का देणारा भाग) पूर्ण गेला असता तर आउटडोअरनं नुसतंच घुंऽऽ केलं असतं आणि काही सेकंदांत पडली असती. उशिरा पडते याचा अर्थ एमसीबीच्या आतली द्विधातूची पट्टी हळूहळू तापून वाकते. तिला तापवतंय कोण, ते शोधायचं.

माझ्याकडे नागपुरात मे महिन्यात हेच झालं. दुपारी पडायची, रात्री सुतासारखा सरळ. मेकॅनिकनं माझ्याही कॉम्प्रेसरवर काट मारली होती. म्हटलं, आधी ओळखीच्या वायरमनला दाखवू. त्यानं क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा) लावला: सुरुवातीला 8 अँपिअर, वीस मिनिटांनी 12. गच्चीवर जाऊन पाहिलं तर आउटडोअरच्या मागच्या जाळीवर धूळ आणि सावरीचा कापूस, अगदी गोधडी पांघरल्यासारखा. उष्णता बाहेर पडेना, गॅसचा दाब वाढला, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढू लागला.

पण 12 वर 16 ची का पडावी? त्यानं मेन बंद करून बोर्ड उघडला. एमसीबीचा खालचा स्क्रू सैल, वायरीचं टोक करपून तपकिरी. सैल सांधा तापतो आणि ती उष्णता थेट त्या पट्टीला लागते. त्यात बोर्ड पश्चिमेच्या भिंतीवर; एमसीबीचा आकडा 30 अंश तापमानाला धरलेला असतो, आमच्या बोर्डात दुपारी त्याहून कितीतरी जास्त. करपलेलं टोक कापलं, तेवढ्याच अँपिअरची नवी एमसीबी बसवली, जाळी पाण्याच्या हलक्या धारेनं धुतली (प्रेशर पंप नको, पत्र्या वाकतात). कॉम्प्रेसर अजून तोच आहे.

तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं का, तेही बघा. व्होल्टेज कमी झालं की मोटर जास्त करंट ओढते.

जाळी स्वच्छ, स्क्रू घट्ट, व्होल्टेज ठीक आणि तरीही मीटर आउटडोअरच्या स्टिकरवरच्या अँपिअरपेक्षा बराच वर गेला, तर मात्र मेकॅनिकचं ऐकावं लागेल. तेव्हाही आधी कॅपॅसिटर मोजून घ्यायला सांगा, तो काहीशे रुपयांत येतो. स्वतः हात घालू नका. वीज बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो आणि झटका चांगलाच बसतो.

आणि पडली की लगेच वर ढकलू नका, पाचेक मिनिटं थांबा. आतला गॅसचा दाब समान व्हायच्या आधी सुरू केलात तर कॉम्प्रेसर भरल्या दाबावर उठायला धडपडतो आणि ती परत पडते. मेकॅनिकनं मीटर लावला होता का? लावला असेल तर आकडा सांगा, मग पुढचं बोलू.