पहिलीच सायकल टूर असेल तर मेल्क ते क्रेम्स कर

एका दिवसात पाच गावं वगैरे प्लॅन डोक्यातून काढून टाक. ऑस्ट्रियात डॅन्यूबच्या काठाने मेल्क ते क्रेम्स हा टप्पा घे, जेमतेम ३५-४० किमी, जवळपास सपाट, पण बघायला इतकं आहे की दिवस पुरत नाही. सकाळी आधी मेल्कचा मठ बघून घे, मग दक्षिण काठाने निघ, तिकडे गाड्या कमी असतात, वर डोंगरावर आगश्टाइनचा किल्ला दिसतो, आणि आर्न्सडॉर्फला आलास की फेरीबोटीने पलीकडे श्पिट्झला जा. ही फेरी चुकवू नकोसच! इंजिन नाही तिला, वर नदीवर ताणलेल्या केबलला बांधलेली असते आणि नुसत्या प्रवाहाच्या जोरावर सरकत जाते, सायकल घेऊन उभं राहायचं आणि पाण्याचा आवाज ऐकायचा. सुट्टे युरो जवळ ठेव.

पुढे द्राक्षाचे मळे, जर्दाळूची झाडं आणि मग ड्युर्नश्टाइन. इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ च्या शेवटी पकडला गेला तेव्हा त्याला इथेच वरच्या किल्ल्यात ठेवलेलं. गावात दगडी फरशी आणि गर्दी, तिथे उतरून सायकल हातात धरूनच चाल, आणि किल्ल्यावर पायीच जावं लागतं, चढ चांगलाच आहे, म्हणून पाय थोडे राखून ठेव आणि पॅनियरला (सायकलच्या कॅरिअरला लटकवलेल्या पिशवीला) कुलूप लागत नाही हे लक्षात घेऊन पासपोर्ट, पैसे छोट्या बॅगेत अंगावरच ने.

रविवारी निघणार असशील तर खाणं शनिवारीच घेऊन ठेव, तिकडे रविवारी सुपरमार्केट बहुतेक बंद असतात.