दोन्ही फाइली यूटीएफ-८ आहेत, तरी विम ‘ई-६७०’ का देतो?

विम या टेक्स्ट एडिटरसाठी बनवलेल्या तुमच्या प्लगइनच्या (जोडप्रोग्रामच्या) डॉक फोल्डरमध्ये दोन मराठी हेल्प फाइली आहेत, दोन्ही यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) सेव्ह केल्यात, उघडल्या की अक्षरंही नीट दिसतात. पण हेल्पटॅग्ज (हेल्पमधल्या टॅगची यादी बनवणारी विमची कमांड) चालवलं की विम ‘ई-६७०’ देतो आणि एकाच भाषेत एन्कोडिंगची भेसळ आहे म्हणतो.

दोन्ही फाइलींची पहिली ओळ शेजारी शेजारी ठेवून बघा. एकीची बहुतेक निव्वळ इंग्रजीत असणार: फाइलचं नाव, पुढे ‘फॉर विम व्हर्जन’ वगैरे, अनुवाद करायचा राहून गेलेली.

हेल्पटॅग्ज अख्खी फाइल तपासत नाही. पहिल्या ओळीत १२७ च्या पुढचे बाइट सापडले आणि ते यूटीएफ-८ च्या नियमात बसले, तर फाइल यूटीएफ-८, नाहीतर लॅटिन-१ (एका अक्षराला एकच बाइट देणारं जुनं एन्कोडिंग). खाली हजार ओळी मराठी असल्या तरी त्याच्या लेखी ती लॅटिन-१ च. आणि एका फोल्डरमधल्या एका भाषेच्या सगळ्या फाइलींचं एन्कोडिंग एकच लागतं. गंमत म्हणजे हीच फाइल वाचायला उघडली की विम आधी यूटीएफ-८ म्हणून प्रयत्न करतो, ते फसलं तरच लॅटिन-१ कडे वळतो. त्यामुळे स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो. मी स्वतः यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे, म्हणून इतकं खात्रीनं सांगतोय.

उपाय सोपा: प्रत्येक मराठी फाइलच्या पहिल्या ओळीत थोडं तरी मराठी हवं. तारांकित टॅग (दोन ताऱ्यांमधलं नाव) आहे तसाच ठेवा, पुढचं वाक्य मराठीत लिहा, हेल्पटॅग्ज पुन्हा चालवा.

घाईघाईनं आयकॉन्व्ह (एन्कोडिंग बदलणारा प्रोग्राम) मात्र चालवू नका. लॅटिन-१ मध्ये कुठलाही बाइट चालतो, त्यामुळे आधीच यूटीएफ-८ असलेली फाइल लॅटिन-१ समजून यूटीएफ-८ मध्ये बदलली तरी एरर येत नाही. ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९ असे तीन बाइट. असं दुसऱ्यांदा बदललं की त्या एका ‘क’चे सहा होतात आणि स्क्रीनवर कचरा येतो. झालंच असेल तर उलट्या दिशेनं, यूटीएफ-८ कडून लॅटिन-१ कडे, एकदा बदला. मूळ बाइट परत मिळतात.

पुढेमागे उलट प्रकारही भेटेल: पहिली ओळ मराठी, पण अख्खी फाइल अगम्य दिसते. मग आत कुठेतरी एखादा चुकार बाइट असतो, बहुधा जुन्या फाइलीतून चिकटवलेल्या मजकुरातला. विमनं ती लॅटिन-१ म्हणून उघडली असेल तर तशीच राहू द्या, सेव्ह करू नका. कर्सर सुरुवातीला नेऊन नॉर्मल मोडमध्ये आठ, जी, आठ दाबा. यूटीएफ-८ मध्ये न बसणाऱ्या पहिल्या बाइटवर कर्सर जातो. या कामासाठी इतकी नेमकी कमांड आहे हे मला फार उशिरा कळलं.

आणि सगळ्या प्लगइनच्या हेल्प फाइली एकाच डॉक फोल्डरमध्ये ओतल्या असतील तर इंग्रजी फाइलींवरही हीच एरर येऊ शकते. कुणीतरी पहिल्या ओळीत इमोजी टाकलेला असतो, म्हणून तेवढी एक फाइल यूटीएफ-८ ठरते. तिथे फाइलींना हात न लावता प्रत्येक प्लगइनचं फोल्डर वेगळं करा.