आजी आधी, पेटी नंतर

प्रश्न : आम्ही मूळचे आटपाडी तालुक्यातले. वडील आणि चुलते गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी जोधपूरला गेले, मी तिथंच वाढलो. जोधपूरबाहेर अरणा-झरणा हे वाळवंटाचं संग्रहालय आहे. तिथं साध्या केरसुण्यासुद्धा जिवापाड जपून मांडल्यात. ते पाहिल्यापासून आपल्या माणदेशाचं असं काही राखावं, हे डोक्यातून जात नाही. गावच्या घरी माळ्यावर पत्र्याची पेटी आहे, तीत मोडी कागद आहेत. आजी नव्वदीच्या पुढं आहे, पण बोलती आहे. दिवाळीला पंधरा दिवस गावी येतोय. कागद वाचून घ्यायचं ठरवलंय. आणखी काय करावं?
– एक वाचक, सध्या जोधपूर

उत्तर : तुमच्या पत्रातलं आजींचं वय मी दोनदा वाचलं. पंधराच दिवस हातात आहेत ना, मग पेटी माळ्यावरच राहू द्या. घर गळत नसेल आणि वाळवी लागलेली नसेल तर कागद आणखी सहा महिने थांबतील. ही दिवाळी आजींना द्या.

तुम्ही पाहिलेलं संग्रहालय ज्यांच्या डोक्यातून निघालं, त्या कोमल कोठारींनी १९६० मध्ये विजयदान देथांबरोबर बोरुंदा गावी रूपायन संस्था काढली आणि लंगा-मांगणियार या पिढीजात गाणाऱ्या जमातींची गाणी, कथा, वंशावळ्या आयुष्यभर ध्वनिमुद्रित केल्या. राजस्थानचं सरकारी पुराभिलेखागार बिकानेरला आहे, संस्थानांची दप्तरं तिथं नीट लावलेली आहेत. पण दरबाराच्या बहीत, म्हणजे वहीत, मांगणियाराच्या गळ्यातलं गाणं कुठून सापडणार? थरच्या लोकांना दोन्ही वाटांनी जावं लागलं. आपल्यालाही तसंच जावं लागेल.

माणदेश वाळवंट नाही, पण पावसानं पाठ फिरवलेला मुलूख आहे. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणदेशातल्या दहिवडीला जेमतेम पाचशे. अशा मुलखात माणसं वर्षं दुष्काळावर मोजतात. मारवाडात जुने लोक ‘छप्पनिया’ म्हणतात, म्हणजे संवत १९५६, इंग्रजी १८९९-१९००. आपल्याकडं ‘बहात्तरचा’ म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही.

माझी पहिली मुलाखत फसली ती याच बहात्तरवर. माझ्या चुलतीला मी विचारलं, “काकी, १९७२ साली काय झालं?” त्या म्हणाल्या, “काय व्हायाचं? दुष्काळ पडला.” एवढंच. मी वही मिटली. महिन्याभरानं गोठ्यात खडी फोडायची जुनी हातोडी सापडली, ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी दांडा दोनदा चाचपला आणि बोलायला लागल्या. दगडाची कपची लागू नये म्हणून बोटांना लुगड्याच्या चिंध्या गुंडाळायच्या, संध्याकाळी त्या चिंध्या रक्तानं बोटाला चिकटलेल्या असायच्या, पाण्यात भिजवून सोडवाव्या लागायच्या आणि पाणी तर घागरभरच. दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची, पोरांना वाटायची. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी लाल व्हायची, धाकटा ती बघूनच रडायचा. पाऊण तास त्या थांबल्या नाहीत. सरकारी कागदात त्या कामाची मजुरी सापडेल, खडीचे ब्रास सापडतील. चिंध्या सापडणार नाहीत.

म्हणून आजींना साल विचारू नका, वस्तू द्या. घरात जातं असेल तर धुऊन मांडा आणि मूठभर ज्वारी घाला. नुसतं ‘ओवी म्हणा’ म्हटलं तर बहुतेक बाया ‘आता कुठलं आठवतंय’ म्हणतात. खुंट्याला हात लागला की ओळ आपसूक येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. तुमच्या वाडीच्या चार ओव्या त्यात असतील-नसतील, तुम्ही त्या घ्याच.

खरसुंडीची यात्रा, खिलार बैलांचा बाजार, पाण्याच्या खेपा, घरातले पुरुष गलाईला निघाले ती सकाळ, हे सगळं विचारा. तुमचे वडील गेल्यावर मागं कोण राहिलं, पहिलं पत्र किती दिवसांनी आलं, हेही. आणि ‘राजाच्या वेळचं’ म्हणून विचारायला विसरू नका. आटपाडी औंध संस्थानात होतं. १९३९ मध्ये औंधच्या राजांनी कारभार गावपंचायतींच्या हाती दिला. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. १९४८ ला संस्थान विलीन झालं तेव्हा आजी चौदा-पंधरा वर्षांच्या असतील. पंचायत कुठं बसायची, तिथं बायांना बोलता यायचं का, हे सांगणारं माणूस आता गावात दुसरं कोण आहे?

मोबाइल चालेल. तो विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा. सुरुवातीला तारीख, गाव, आजींचं नाव आणि त्यांची परवानगी त्यांच्याच तोंडून घ्या. रोज अर्धा-पाऊण तास पुरे. ‘हे घेऊ नको’ म्हणाल्या तर त्यांच्यासमोर बंद करा. लिहून काढताना ‘व्हतं’चं ‘होतं’ करू नका. शाळामास्तरीण म्हणून मला हा मोह फार व्हायचा, आणि त्यापायी माझ्या पहिल्या दोन वह्यांतली बोली कायमची गेली. ध्वनिमुद्रणाच्या तीन प्रती करा, एक जोधपूरला ठेवा.

आता पेटी. आमच्या भावकीत एका घरानं इनामाचा कागद दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणला. दहा वर्षांत तो चहासारखा तांबूस झाला, प्लास्टिक सोलायला गेलं तर अक्षरं सोबत निघतात. मला अजून त्याची हळहळ वाटते. म्हणून लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको. गंजलेल्या टाचण्या हलक्या हातानं काढा, ज्या क्रमानं कागद निघतील त्याच क्रमानं फ्लॅशशिवाय, सावलीच्या उजेडात फोटो घ्या आणि धुतलेल्या मांजरपाटाच्या रुमालात बांधा. मोडी वाचणाऱ्याला फोटो द्या, मूळ कागद देऊ नका. कागदावरचं साल जुन्या कालगणनेतलं असतं; इंग्रजी साल काढायला शके असेल तर ७८ मिळवा, फसली असेल तर ५९०, सुहूर असेल तर ५९९. एखाद्या वर्षाचा फरक पडतो, तो महिन्यावरून सुटतो. संस्थानी कागदांची चौकशी पुणे आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत करा. आणि पेटी उघडायच्या आधी भावकीला सांगून ठेवा, कारण आपल्याकडं मोडी कागद निघाला की पहिला संशय जमिनीचा येतो.

गावात हेळवी येतात का, तेही विचारा. गोकाककडून बैल घेऊन येणारे हे लोक घराण्यांच्या पिढ्या सांगतात. मारवाडात भाटांच्या बह्या असतात, तसंच हे काम. आजींना त्यांची शेवटची फेरी आठवत असेल.

पहिली बैठक झाली की मला कळवा, जात्यावर कुठली ओवी आधी आली ते.