घराजवळच्या एसी-गिझरच्या दुकानमालकाची ओळख आणि पारख कशी करावी?

आपण बाणेरला नव्याने राहायला आला आहात, घरात स्प्लिट एसी आहेत, साठवणीचे गिझर आहेत, गच्चीवर सोसायटीचा सोलर वॉटर हीटर आहे, आणि दर वेळी ॲपवरून नवा माणूस बोलावण्याऐवजी या सगळ्यासाठी एकाच स्थानिक व्यावसायिकाशी कायमची ओळख ठेवावी असे आपल्याला वाटते. ती कशी करावी आणि माणूस भरवशाचा आहे हे कशावरून समजावे, असे आपण विचारले आहे. मी कोथरूडमधील एका जुन्या सोसायटीच्या व्यवस्थापक समितीवर बरीच वर्षे काम केले असून या धंद्यातील काही मालकांशी माझा त्या निमित्ताने संबंध आला आहे. त्यांपैकी एकाशी तो अजून टिकून आहे. त्या अनुभवाच्या आधारे लिहितो.

आपली ओळख मालकाशीच असायला हवी. या व्यवसायात मेकॅनिक मुले दोन-तीन हंगाम काम करून दुसरीकडे जातात किंवा स्वतःचे दुकान काढतात. आपल्या घरातील पाइप भिंतीतून कसा नेला आहे आणि मागच्या खेपेस कोणता भाग बदलला होता, हे लक्षात ठेवणारा माणूस मालकच असतो. त्याला भेटण्याची वेळ मात्र विचारपूर्वक निवडावी. होळीनंतर पुण्यात ऊन तापू लागते, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि त्या दिवसांत कोणताही एसीवाला आपल्याशी दोन वाक्यांपलीकडे बोलू शकत नाही. दिवाळीनंतर गिझरची कामे सुरू होतात, पण ती घाई उन्हाळ्याइतकी नसते. जुलै-ऑगस्टमध्ये तो बहुधा दुकानात सापडतो. तेव्हाही सकाळी जाऊ नये, कारण कोणाला कोणत्या पत्त्यावर पाठवायचे याची गडबड त्याच वेळी चाललेली असते. संध्याकाळी सातनंतर, मुले परत येऊन हिशेब देत असताना गेल्यास दुकान कसे चालते हे समोरच दिसते. कोणत्या घरी काय सापडले हे मालक मुलांना विचारतो, की फक्त किती पैसे आले एवढेच विचारतो, हे ऐकण्यासारखे असते.

पहिले काम लहान द्यावे. साधी सर्विसिंग पुरेशी आहे. त्या वेळी आपण प्रश्न विचारण्यापेक्षा तो काय विचारतो याकडे लक्ष ठेवावे. फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे, वर थेट गच्ची आहे का, खिडकी पश्चिमेला आहे का, आउटडोअर युनिटपर्यंत शिडीशिवाय पोहोचता येते का, हे विचारणाऱ्या माणसाने कामाचा विचार केलेला असतो. नवा एसी घ्यायचा असेल तर हा फरक आणखी ठळक होतो. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, सुमारे साडेतीन किलोवॅट इतकी उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता. ती किती लागेल हे खोलीच्या क्षेत्रफळाइतकेच छताच्या स्लॅबवर आणि उन्हाच्या दिशेवर अवलंबून असते. खोली न पाहता फोनवरच ‘दीड टन टाकून द्या’ असे सांगणारा मालक प्रेमळ असू शकतो, परंतु त्याचा सल्ला ऐकू नये. गरजेपेक्षा मोठा साधा एसी खोली लवकर थंड करून वारंवार थांबतो आणि त्यामुळे पावसाळ्यात हवेतील दमटपणा पुरेसा काढत नाही. इन्व्हर्टर एसीत, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग गरजेनुसार कमी-जास्त करणाऱ्या एसीत, हा दोष कमी होतो, पण जास्तीचे पैसे गेलेलेच असतात.

माझ्या मते मालकाची खरी पारख गॅसच्या प्रश्नावर होते, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. ‘गॅस कमी झाला आहे, टॉप-अप करावा लागेल’ हे वाक्य आपल्याला कधी ना कधी ऐकायला मिळेलच. त्यावर शांतपणे एकच विचारावे: गेला कुठे? एसीतील गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कॉम्प्रेसर, तांब्याचे पाइप आणि दोन्हीकडच्या कॉइल यांच्या बंद वर्तुळात फिरत राहतो, आणि काम नीट झालेले असेल तर वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती पुष्कळदा पाइपच्या फ्लेअर जोडावर (पाइपचे तोंड पसरवून नटाने आवळलेल्या जोडावर) किंवा कॉइलमध्ये असते. ती न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा त्याच कामाचे पैसे द्यायला तयार राहणे. शिवाय कॉइलवर बर्फ धरला म्हणून गॅस कमीच असला पाहिजे असेही नसते. जाळी तुंबलेली असली किंवा ब्लोअर मळलेला असला तरी हवेचा झोत कमी होऊन बर्फ धरतो. त्यामुळे आधी सर्विसिंग आणि मग गॅसचा दाब मोजणारा गेज, हा क्रम पाळणारा माणूस मला विश्वासाचा वाटतो.

गळती असल्यास नीट काम असे होते: नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते पाहायचे, साबणाच्या पाण्याने जोड तपासायचे, दुरुस्ती झाल्यावर पंप लावून व्हॅक्यूम करायचा म्हणजे आतली हवा व ओलावा निघून जातो, आणि शेवटी युनिटच्या पट्टीवर छापलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरायचा. ज्या दुकानात व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा नाही, त्या दुकानाच्या मालकाशी गप्पा जरूर माराव्यात, पण हे काम त्याला देऊ नये. पंप आहे, पण ‘आज आणला नाही’ असे कळले तर काम दुसऱ्या दिवसावर टाकावे. त्याला राग येत नाही. उलट हे गिऱ्हाईक पाहणारे आहे हे त्याच्या लक्षात राहते.

याच विषयावर आणखी एक प्रश्न विचारून पाहावा. आपल्याकडे जुना आर-२२ गॅसचा एसी असेल तर त्यात आर-४१०ए किंवा आर-३२ भरता येईल का? ओझोनच्या थराचे नुकसान करणाऱ्या पदार्थांसंबंधी १९८७ साली झालेल्या माँट्रियल करारानुसार आर-२२ जगभर टप्प्याटप्प्याने बंद होत आहे, म्हणून हा प्रश्न अनेक घरांत येतो. जाणकार मालक नाही म्हणेल आणि कारणही सांगेल: आर-४१०एचा दाब खूप जास्त असतो आणि त्याला लागणारे कॉम्प्रेसरचे तेलही वेगळे असते, त्यामुळे जुन्या यंत्रात तो चालत नाही. आजच्या बहुतेक नव्या एसींत आर-३२ असतो. तो थोडासा ज्वलनशील आहे. काही एसींत आर-२९० असतो, म्हणजे प्रोपेन, आणि तो चांगलाच पेट घेतो. अशा यंत्रावर ब्रेझिंग (ज्योतीने पाइप सांधण्याचे काम) करण्यापूर्वी गॅस पूर्ण काढून खिडक्या उघडायला सांगणारा मालक सापडला तर त्याचा नंबर जपून ठेवावा.

तापवण्याच्या बाजूला पुण्यात खोली गरम करण्याचा प्रश्न फारसा येत नाही. प्रश्न पाण्याचा असतो. कोथरूडला किंवा पेठांत महापालिकेचे खडकवासल्याचे पाणी येते आणि तिथले गिझर बराच काळ क्षाराविना चालतात. बाणेर, वाघोली, उंड्री अशा भागांतील पुष्कळ सोसायट्या टँकरच्या किंवा बोअरवेलच्या पाण्यावर असतात. ते जड असते आणि हीटिंग एलिमेंटवर पांढरा थर चढवते. तेव्हा ‘आपल्याकडे पाणी कुठले येते?’ हा प्रश्न मालकाने स्वतःहून विचारला पाहिजे. टाकीतील मॅग्नेशियमची अॅनोड कांडी स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवते, आणि जड पाण्यात ती लवकर संपते. ती तपासण्याची आठवण करून देणारे लोक फार थोडे आहेत, कारण कांडी स्वस्त असते आणि नव्या गिझरच्या विक्रीत नफा जास्त असतो. सोलरच्या काचेच्या नळ्यांतही हाच क्षार साचतो, म्हणून सोसायटीच्या सोलरसाठीही आपल्याला याच माणसाचे मत घेता येईल.

गॅस गिझरबाबत मात्र मी कठोर आहे. बंद स्नानगृहात तो जळू लागला की हवा अपुरी पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला ना रंग असतो ना वास, आणि आत गेलेल्या माणसाला बाहेर येण्याइतकीही शुद्ध राहत नाही. आमच्या ओळखीच्या मालकांनी एका घरी स्नानगृहाच्या आत गॅस गिझर बसवायला साफ नकार दिला होता. ‘बाहेर गॅलरीत बसवतो, नाहीतर दुसऱ्याला बोलवा,’ एवढेच ते म्हणाले. घरमालक नाराज झाले. समितीने मात्र त्यानंतर सोसायटीचे काम दुसऱ्या कोणाला देण्याचा विचार केला नाही.

त्याच्या शिक्षणाची चौकशी उलटतपासणीसारखी करू नये. औंधच्या शासकीय आयटीआयमधून किंवा अशाच एखाद्या संस्थेतून रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेले लोक या धंद्यात आहेत, तसेच एखाद्या उस्तादाच्या हाताखाली फ्रिज आणि वॉटर कूलर उघडत शिकलेलेही आहेत, आणि दुसऱ्या प्रकारातील काहींचा हात पहिल्यांपेक्षा चांगला असतो. चहा घेताना ‘आपण हे काम कुठे शिकलात?’ असे विचारले की बहुतेक मालक मनापासून बोलतात. सुटे भाग कुठून आणता, हेही विचारावे. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत विजेचे बरेचसे सामान मिळते, आणि तिथून कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला आणि चालायला मदत करणारा विजेचा भाग) आणला असे सरळ सांगणाऱ्यात काही गैर नाही. बदललेला जुना भाग परत मागावा आणि तो न मागता मिळाला तर समाधान मानावे.

बिलाविषयी लोकांच्या काही चुकीच्या समजुती असतात. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे त्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. म्हणून साधे बिल देणारा छोटा दुकानदार लबाड ठरत नाही. बिलात जीएसटी लावला असेल तर मात्र त्यावर पंधरा अंकाक्षरांचा क्रमांक हवा आणि महाराष्ट्रातील नोंदणी असेल तर त्याची सुरुवात २७ ने हवी. त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते बिलावरील वर्णन. ‘एसी दुरुस्ती’ एवढेच न लिहिता कोणता गॅस किती ग्रॅम भरला, कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा (त्याच्या क्षमतेचे एकक) होता, हे लिहून घ्यावे. मालकाला सुरुवातीला ते किचकट वाटेल, पण पुढच्या वर्षी तक्रार आली तर त्यालाच त्या कागदाचा उपयोग होतो.

बाणेरच्या उंच इमारतींत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. आउटडोअर युनिट बाहेरच्या भिंतीवर असेल तर मालक एकट्या मुलाला पाठवतो की दोघांना, आणि सेफ्टी बेल्ट देतो की नाही? बेल्टविना खिडकीतून बाहेर उतरणाऱ्या मुलाला आपणही थांबवावे आणि मालकाला तिथूनच फोन करावा. स्वतःकडे काम करणाऱ्या मुलांच्या जिवाबाबत निष्काळजी असलेला माणूस आपल्या वायरिंगबाबत काळजी घेईल अशी अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

ओळख टिकवण्यासाठी आपल्याकडूनही काही गोष्टी पाळाव्या लागतात. पैसे त्याच दिवशी द्यावेत. घासाघीस करायची असल्यास काम सुरू होण्यापूर्वी करावी. मेकॅनिकला दादा म्हणून पाणी-चहा विचारावा, पण त्याचा खासगी नंबर घेऊन पुढचे काम परस्पर कमी पैशांत करून घेऊ नये. मालकाला हे कळतेच, आणि मे महिन्यात आपला फोन त्याच्या यादीत खाली जातो.

एसी अजून वॉरंटीत असेल तर कंपनीच्या सेवा केंद्रालाच बोलवावे, कारण बाहेरच्या माणसाने सील उघडल्यास पुढचा दावा नाकारला जाऊ शकतो. चांगला मालक हे स्वतःच सांगतो आणि काम सोडून देतो. वॉरंटी संपल्यावर वार्षिक कराराचा विषय निघेल. सोसायटीच्या कार्यालयातील एसी क्वचितच चालत असल्याने त्यासाठी करार करू नका, असे आम्हाला आमच्याच मालकांनी सांगितले होते. घरातील एसी रोज रात्री चालत असेल तर करार परवडू शकतो. तो करताना वर्षात किती सर्विसिंग मिळतील, गॅस आणि पीसीबी (एसीचे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) त्यात धरले आहेत की वेगळे, आणि उन्हाळ्यात तक्रार केल्यावर किती तासांत माणूस येईल, हे तिन्ही मुद्दे कागदावर लिहून त्याखाली मेकॅनिकची नव्हे, मालकाची सही घ्यावी.