भुते आणि राक्षस खरे नसतील, तर त्यांच्या अभ्यासातून समाजाविषयी काय कळते?

माझ्या मते पुष्कळ कळते. मात्र त्यासाठी भूत कसे दिसते यापेक्षा ते जिवंतपणी कोण होते, हे विचारावे लागते.

माझी आजी घणसोलीची. तिच्याकडून ऐकलेली भुतावळ आज आठवली, की ती जात, धर्म आणि घरातले स्थान पाहून लावल्यासारखी वाटते. मुंज झालेला, पण सोडमुंजीआधी वारलेला ब्राह्मणाचा मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, बाळंतपणात दगावलेली बाई अळवंत होते, आणि मेलेल्या मुसलमानाचा खवीस होतो. संसार पुरा करून, मुलाच्या हातचे पिंड घेऊन गेलेला कर्ता पुरुष या यादीत सहसा सापडत नाही. मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती अळवंत, कारण जिच्यासाठी घराने रडायला हवे होते, तिच्याच परत येण्याची घराने धास्ती घेतली.

समाज ढवळून निघतो तेव्हा याच कल्पना वादाचे शस्त्र होतात. १५२२ मध्ये जर्मनीतील फ्रायबर्ग येथे एक विद्रूप वासरू जन्मले. त्याच्या कातडीच्या घडीत, कॅथलिक चर्चविरुद्ध उभ्या राहिलेल्या मार्टिन ल्यूथर या धर्मसुधारकाला मठवासी भिक्षूचा झगा दिसला आणि १५२३ च्या पत्रकात त्याने तो ईश्वराचा इशारा ठरवला, तर विरोधकांनी तेच वासरू ल्यूथरच्याच विरुद्ध वाचले. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त याहून मूलगामी काम केले. राक्षस म्हणजे रक्षण करणारे, या भूमीचे मूळ रहिवासी, आणि त्यांना दुष्ट ठरवले ते जिंकणाऱ्यांनी, असा अर्थ त्यांनी मांडला. त्यांची व्युत्पत्ती भाषाशास्त्राला पटो वा न पटो, राक्षसाला हे नाव कोणी दिले, हा त्यांचा प्रश्न मला आजही अचूक वाटतो. ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ म्हणणाऱ्या घरांत तर असुरांच्या राजाचीच वाट पाहिली जाते.

१९७० मध्ये नवी मुंबई वसवणारे सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाल्यावर आमच्या बाजूची खाजणे भरावाखाली गेली, वसाहती उभ्या राहिल्या, आणि माणसाला पाण्यात ओढणाऱ्या आजीच्या गिऱ्ह्याची गोष्ट मुलांना सांगायचे कारण उरले नाही. भीतीला मात्र नवा चेहरा मिळाला. २०१८ मध्ये मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून पसरली आणि १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. त्याच दिवसांत ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एका भंगारवाल्याचा फोटो ‘सावध राहा’ अशा मजकुरासह फिरला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला फाटकातच अडवले गेले. तो बारा वर्षांपासून आमच्याच घरांतली रद्दी नेत होता.