बाझेलच्या गर्भश्रीमंतांमध्ये राहायचं तर

तुम्ही फेब्रुवारीत स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला औषध कंपनीत रुजू होताय, वहिनीही सोबत येताहेत, आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की हे जुन्या पैशाचं शहर, तिथे ‘स्टँडर्ड’नं राहावं लागतं. म्हणून विचारलंत: सूट किती शिवून आणायचे, गाडी कुठली घ्यायची, वहिनींनी दागिने आणायचे का आणि साहेबांनी घरी बोलावलं तर काय न्यायचं?

सूट एक पुरे. गाडी घेऊच नका, ट्राम आहे. बाकीचं जरा सविस्तर सांगतो, कारण त्या माणसानं पैशाचं खरं सांगितलं आणि वागण्याचं नेमकं उलटं.

बुर्कहार्ट, मेरियन, साराझिन, फिशर, इझेलिन अशा इथल्या जुन्या घराण्यांना मिळून गावात ‘डाइग’ म्हणतात. यांच्या पैशाचं मूळ बरंचसं रेशमी फितींत. फ्रान्समधून धर्मापायी पळून आलेल्या निर्वासितांनी तो धंदा इथे वाढवला. फितींना रंग लागतो. रंगातून रसायनं आली, रसायनांतून औषधं. म्हणजे तुमचा पगारही लांबून त्याच फितींना बांधलेला आहे. ऱ्हाइनच्या काठावर उंचावर निळा आणि पांढरा असे दोन जोडवाडे दिसतील. फितींचे कारखानदार असलेल्या साराझिन बंधूंनी ते १७६३ ते १७७५ या काळात बांधले. आज त्यांत सरकारी कचेऱ्या आहेत. एवढं भपकेदार काही त्यांनी बांधलं, हेच इथे अपवादात जमा.

कारण १५२९ साली इथे प्रॉटेस्टंट धर्मसुधारणा झाली आणि त्यानंतर कित्येक पिढ्या कुणी कसले कपडे घालावेत, लग्नात किती खर्च करावा, गाडीघोड्याचा डामडौल किती असावा यावर शहराचे हुकूम सुटत राहिले. हुकूम केव्हाच गेले, सवय उरली. त्यात या कँटनमध्ये, म्हणजे स्विस राज्यात, मुलांना वारसाकर द्यावा लागत नाही. संपत्ती सरळ पुढच्या पिढीकडे जाते, त्यामुळे ती कुणाला दाखवून देण्याची घाई नसते.

आमचे पहिले घरमालक सत्तरीतले. कोपरांवर चामड्याची ठिगळं लावलेलं जाकीट, जुनी सायकल. एकदा त्यांनी ‘आपेरो’ला, म्हणजे जेवणाआधीच्या पेयपानाला, बोलावलं. आम्ही जेवणाच्या तयारीनं गेलो, तर टेबलावर खारे बदाम, थोडं चीज आणि जवळच्याच मळ्यातली एक पांढरी वाइन. संडासाकडे जाणाऱ्या बोळात एक लहानसं रेखाचित्र टांगलेलं होतं. खालची सही वाचून मी जागीच थांबलो. ते नाव मी संग्रहालयात पाहिलं होतं. विचारल्यावर म्हणाले, “आजोबांनी घेतलेलं. तिथे ऊन येत नाही ना, म्हणून तिथे.” आणि लगेच आमच्या मुलीच्या शाळेचं विचारायला लागले. किंमत, चित्रकाराची ओळख, काही नाही. पुढे असे प्रसंग बरेच आले. विषय बदलण्यात ही माणसं पटाईत.

तेव्हा घरी जाताना फुलं किंवा चितळ्यांची बाकरवडी, बस. महागडी भेट दिलीत तर ते अवघडतात. परतफेड करावी लागेल असं वाटतं. वेळ पाळा. ग्लास उचलताना प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून, नाव घेऊन ‘प्रोस्ट’ म्हणा. जर्मनमधलं ‘तू’ मोठ्या माणसानं देऊ केल्याशिवाय वापरू नका. पगार, घराची किंमत, ‘तुमचं आडनाव म्हणजे तेच का हो?’ हे तिन्ही वर्ज्य. ऱ्हाइनमधलं पोहणं मात्र हमखास चालतं. उन्हाळ्यात कपडे माशाच्या आकाराच्या पिशवीत कोंबून सगळं गाव नदीत उतरतं. ओलेत्या अंगानं बँकवाला कोण नि विद्यार्थी कोण, कळायची सोय नाही.

आणखी एक विषय सुचवतो. बाझेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेची स्थापना इथे १८१५ साली झाली, १८३४ मध्ये ते मंगळूरला पोचलं आणि १८६५ मध्ये तिथे त्यांनी कौलांचा कारखाना काढला. आपल्या कोकणातल्या घरांवरची मंगलोरी कौलं ती हीच. मिशनच्या कमिटीत याच घराण्यांतली माणसं असत. हे काढलंत की म्हाताऱ्यांचे चेहरे खुलतात.

पैसा दिसतो तो दानात, आणि तिथेही नाव शोधावं लागतं. २००२ साली उघडलेल्या नाट्यगृहासाठी गावातल्या काही धनिक बायकांनी मोठी रक्कम दिली. ‘लेडीज फर्स्ट’ एवढंच नाव लावलं, स्वतःची गुलदस्त्यात. रोश या औषध कंपनीच्या घराण्यातल्या माया ओएरी यांनी कलासंग्रहालयाच्या २०१६च्या नव्या इमारतीचा निम्मा खर्च फाउंडेशनमार्फत उचलला, पण इमारतीला त्यांचं नाव नाही. सामान्य माणसंही या कलाप्रेमात ओढली गेली आहेत: १९६७ साली पिकासोची दोन चित्रं शहराबाहेर विकली जाणार म्हणताच लोकांनी सार्वमतात साठ लाख फ्रँक मंजूर केले आणि उरलेले चोवीस लाख वर्गणीनं जमवले. खूश होऊन पिकासोनं स्वतःची आणखी चार चित्रं भेट दिली.

पण भारावून जाऊ नका. क्रिस्टोफ बुर्कहार्टच्या पेढीनं अठराव्या शतकाच्या अखेरीस गुलामांच्या जहाजांतही पैसा गुंतवला होता, आणि आफ्रिकेकडे जाणाऱ्या मालात हिंदुस्थानी छापील सुती कापड आणि त्याच्या युरोपी नकला असत. शिवाय हा साधेपणा म्हणजे एक कुंपणही आहे. भपका करणारा पैसेवाला निदान दारातून दिसतो. इथे दार कुठे आहे तेच कळत नाही. लोक वर्षानुवर्षं गोड बोलतील, पण आतल्या गोटात घेतीलच असं नाही. मनाला लावून घेऊ नका, झुरिकहून आलेल्यांचीही तीच रड असते.

तुम्ही आल्यावर काही दिवसांतच फासनाख्ट, म्हणजे इथला कार्निव्हल, येईल. राख-बुधवारनंतरच्या (ख्रिस्ती उपासकाळ सुरू होतो त्या बुधवारनंतरच्या) सोमवारी पहाटे चारला गावाचे दिवे जातात आणि मुखवटेवाले ढोल आणि पिकोलो (छोट्या बासऱ्या) घेऊन निघतात. मुखवट्यामागे कोण आहे हे विचारायचं नसतं. बघ्यांनी सोंग घ्यायचं नाही, पण त्या वर्षीचा बिल्ला विकत घेऊन कोटाला लावायचा. तांब्याचा, चांदीचा, सोन्याचा असे प्रकार असतात. तांब्याचा घ्या, काही बिघडत नाही.

वहिनींना सांगा, मंगळसूत्र आणि रोजच्या बांगड्या पुरेत, सेट लॉकरमध्ये ठेवा. आजीची जुनी पैठणी असेल तर ती मात्र जरूर आणा. फितींच्या गावात रेशीम ओळखणारे अजून आहेत, आणि कुणी विचारलंच तर किंमत न सांगता येवल्याचं सांगावं.