बीएच्या पहिल्या वर्षाला कथनमीमांसा, म्हणजे गोष्ट कशी सांगितली जाते याचा अभ्यास, शिकवायला सुरुवात कुठून करावी?

चिऊ-काऊच्या गोष्टीपासून. गंमत नाही, खरंच सांगतोय.

गोष्ट सगळ्यांना पाठ असते, त्यामुळे 'काय घडलं' यात वेळ जात नाही आणि थेट 'कसं सांगितलं' यावर येता येतं. पावसात काऊचं शेणाचं घर वाहून जातं, ही घटना एका वाक्यात संपते. पण दारातलं ते 'थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते', 'थांब, तीट लावते' किती लांबतं! वेळ ताणणारी ही पुनरावृत्ती काढून टाकली तर उरतं काय, हे मुलांनाच विचारा.

मग फ्रेंच अभ्यासक जेरार जेनेत यांनी 1972 मध्ये मांडलेला भेद आणा: बोलतं कोण आणि पाहतं कोण? निवेदक तिसराच आहे, पण आपण बहुतेक वेळ चिऊच्या उबदार घरात असतो. बाहेर भिजणाऱ्याच्या मनात काय चाललंय ते कळतच नाही. तीच गोष्ट काऊच्या बाजूने दहा ओळींत लिहायला सांगा. सहानुभूती कशी सरकते ते वर्गाला आपोआप दिसतं, आणि 'दृष्टिकोन' ही संज्ञा त्यानंतर सांगितली तरी चालते.

रशियन परीकथांवरून 1928 मध्ये अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी काढलेली 31 कार्यं (गोष्टींत पुन्हा पुन्हा येणाऱ्या पात्रांच्या ठरावीक कृती) पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहू नका. मुलं यादी घोकतात, गोष्ट बाजूलाच राहते. पुढच्या तासाला अभ्यासक्रमातलीच एखादी कथा घ्या आणि निवेदक कोणती गोष्ट मुद्दाम उशिरा सांगतो, एवढंच शोधायला लावा.